तिसऱ्या रात्रीचं लोखंड

१

सोमवारी सकाळी गेन्नादी पाव्लोविच बुशुयेवने तिसरी वही टेबलावर ठेवली तेव्हा तिचे टाके उसवलेले होते. आमच्या हस्तलिखितांच्या खोलीत वहीचे टाके उसवणं म्हणजे चांगल्या दुभत्या गाईचं पोट फाडून ठेवण्यासारखं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने मधला कागद सपाट केला आणि घडीच्या अगदी आत बोट ठेवलं.

"वाच, सिर्गा."

इतकी वर्षं शिवणीखाली दडलेली बारीक छपाई होती. कागदाच्या कारखान्याचा शिक्का आणि साल, १९५०.

"आणि वेष्टनावर काय लिहिलंय?"

"नोव्हेंबर एकोणचाळीस." मला बघायची गरज नव्हती. त्या सात वह्या आमच्या संस्थेत देवासारख्या होत्या.

"चौथीचंही असंच आहे. बाकीच्या पाच बिनचूक. नेमक्या या दोनच खोट्या." बुशुयेव आमचा उपसंचालक. आवाज कधी चढवत नाही, त्यामुळे त्याचं बोलणं जास्त लागतं. तो खिडकीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याकडे वळला. "आर्सेनी साव्विच, तुम्हाला काही म्हणायचंय?"

आर्सेनी साव्विच मेल्गुनोव चष्मा पुसत राहिले. चौतिसाव्या वर्षी ते लेनिनग्राडहून आमच्या अल्ताईत आले होते आणि मक्सीम चोकुरोव या बुजुर्ग गायकाकडून कान-सोलोनची वीरगाथा सात रात्री बसून त्यांनी उतरवून घेतली होती. आता ते अडुसष्टचे. पुराणकथा आणि वीरगाथांवरचं आयुष्यभराचं काम एका जाड पुस्तकात आलं होतं आणि छापखान्यात त्याचे खिळे जुळून तयार होते.

"शुक्रवारी समिती बसेल," बुशुयेव म्हणाला. "नोवोसिबिर्स्कहून बाई येतायत. वह्या बनावट ठरल्या तर खिळे मोडले जातील. आणि तुमचं नाव..."

तेवढ्यात माझ्या लेकीने, एलिकने, टेबलाखालचा एक कागदाचा तुकडा पकडून तोंडात घातला. नऊ महिन्यांची होती. पाळणाघरात जागा मिळेपर्यंत कार्डांच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण हाच तिचा पाळणा, पण हल्ली ती त्यातून निसटायची.

"कागद नको! कागद तोंडात नको!"

कारागीस एजेंची किंकाळीच होती ती. एजे म्हणजे थोरली बहीण, पण वयाने त्या मला आईसारख्या. सव्वीस वर्षं या खोलीच्या राखणदार. त्यांनी झेप घालून तो तुकडा काढून घेतला. साधा टिपकागद होता. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"एजे, काही नाही झालं," मी म्हटलं.

"नाही झालं," त्या म्हणाल्या, आणि शेगडीकडे रांगत निघालेल्या एलिकला उचलून माझ्याकडे दिलं. "त्या काळ्याजवळ जाऊ देऊ नकोस. भाजेल." मग कोट घातला आणि डोकं दुखतंय म्हणून घरी गेल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

२

"वह्या खोट्या मी केलेल्या नाहीत," आर्सेनी साव्विच मला म्हणाले. "पण खोट्या आहेत, हेही खरं आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये कुणीतरी उभं आहे. ते तू शोध."

"मी? मी काय पोलीस आहे?"

"पन्नास साली तू किती वर्षांची होतीस?"

"तीन."

"मग झालं. या इमारतीत संशयाबाहेर दोघीच आहेत. तू आणि एलिक. ती रांगते, म्हणून तुला सांगतोय."

मी एलिकला मांडीवर घेऊन तिसरी वही उघडली. अक्षर सातही वह्यांत एकच. ते अक्षर आर्सेनी साव्विचांचं नव्हतंच. गायक गायचा आणि लिहून घ्यायचा त्याचा मुलगा एर्केमेन, वीस वर्षांचा, शाळामास्तर. बेचाळीस साली तो आघाडीवर मेला. मेलेल्या माणसाच्या अक्षरात पन्नास सालचा कागद, एवढंच ते कोडं.

"बुशुयेव म्हणणार की मी त्याचं अक्षर गिरवायला शिकलो," म्हातारा म्हणाला. "आणि कारणही देणार. सातवं प्रकरण."

त्यांच्या पुस्तकातलं सातवं प्रकरण सगळ्यांना पाठ होतं. लोखंडाला आम्ही तेमिर म्हणतो. गाथेच्या पाच रात्रींत तेमिर जागोजागी आहे, तेमिरचा बाण, तेमिरचं दार. पण तिसऱ्या आणि चौथ्या रात्री तो शब्द एकदाही नाही. त्याच्या जागी येतं 'कारा काटू', म्हणजे काळं कठीण. आर्सेनी साव्विचांनी त्यावरून मांडलं होतं की या दोन रात्री लोखंडाला नाव मिळायच्या आधीच्या आहेत. माणसाने ती काळी कठीण वस्तू पहिल्यांदा हातात घेतली तेव्हाच्या. देशोदेशीचे विद्वान या प्रकरणाची वाट पाहत होते.

"आणि नेमक्या त्याच दोन वह्या बनावट. मी जरी समितीत असतो तरी मला दोषी धरलं असतं," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "या दोन रात्री त्याच्या सगळ्यात सुंदर आहेत गं. हे वाच."

मी वाचलं.

*रिकामं खोगीर घेऊन घोडा दारात आला.*
*बाईने आधी घोड्याला पाणी पाजलं, मग विचारलं.*

"चाळीस वर्षं गाथा ऐकतोय," ते म्हणाले. "आधी घोड्याला पाणी, हे कुठल्या गायकाला सुचलं नाही. बाकीच्या पाच रात्रींत म्हाताऱ्या मक्सीमलाही नाही."

मी वही उलटी केली. उसवलेल्या टाक्यांचा एक तुकडा शिवणीत अडकला होता. मी तो नखाने ओढला, दातात धरला, चावून पाहिला.

"काय करतेस?"

"आर्सेनी साव्विच, तुम्हाला शर्टाचं बटण लावता येतं?"

"येतं की."

मी त्यांच्या शर्टाकडे पाहिलं. दुसरं बटण सेफ्टी पिनचं होतं.

"हा सुती दोरा नाही," मी म्हटलं. "जनावराच्या स्नायूचा आहे. खेड्यातल्या बायका याने बूट शिवतात. आणि टाकाही बुटाचाच आहे, दुहेरी. ही वही बाईने शिवलीय."

३

बुशुयेव मला उपाहारगृहात भेटला. मी दोऱ्याचं सांगितलं.

"मग? कुणाकडून शिवून घेतली असेल."

"तुमचं काय वैर आहे त्यांच्याशी?"

"वैर?" त्याने चमचा खाली ठेवला. "पोरी, पन्नास साली मी इथे हरकाम्या होतो. ते कैद्यांच्या छावणीत होते, का होते कुणी विचारायचं नाही. त्यांचं नाव पुसलेल्या कपाटाची धूळ मी झटकायचो. त्यांच्या वह्या वाचून मी या धंद्यात आलो. आता त्या खोट्या निघाल्या तर फसवणूक कुणाची झाली? सगळ्यात आधी माझी."

मला तो पहिल्यांदाच आवडला, आणि त्यामुळे जास्त भीती वाटली. खुनशी माणसाला चूक मान्य करायला लावता येतं. दुखावलेल्याला कठीण.

"टाके का उसवलेत?"

"पुस्तकात वहीच्या पानांचे फोटो द्यायचे होते. पान सपाट होईना." तो हसला नाही. "चांगल्या छपाईसाठी केलं आणि हे निघालं."

"त्या वेळी कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे होत्या?"

"तिघांकडे. मी. सनाश तोडोशेव, तो तेव्हा भाषांतरकार होता. आणि कारागीस."

"आर्सेनी साव्विचांकडे नव्हती. ते तर छावणीत होते."

"छप्पन साली सुटून आले. पन्नास सालचा कागद सत्तावन्न साली लिहायला कुणी बंदी केलीय?" तो उठला. "सनाशला विचार. त्याने त्याच गाथेवर कवितेचं पुस्तक काढलं आणि बक्षीस घेतलं. मूळ वह्या त्याच्या घरी असतील तर मला नवल वाटणार नाही."

४

सनाश आका, म्हणजे सनाशदादा, साठीचा, गोलमटोल, आणि कवी असूनही गप्पिष्ट. त्याच्या बायकोने तळलेल्या बोर्सोकांची परात पुढे केली आणि एलिकला घेऊन गेली. आकाने स्वतः चहा ओतला. मी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"काय गं? काय कमी आहे?"

"पांढरं."

"साखर?"

"नाही हो आका. दुसरं पांढरं."

"चुना घालू?"

"आका!"

तो पोट धरून हसला. माझ्या सासऱ्यांचं नाव म्हणजे आम्ही चहात, रश्श्यात, सगळ्यात चवीला घालतो ते पांढरं. साखर नव्हे. सून झाल्यापासून तो शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही, आणि इथेही मी तो लिहिणार नाही. दुकानात मी बोट दाखवते. सासरे गरीब माणूस आहेत, म्हणाले होते, पोरी, नव्या काळात बोललीस तरी चालेल. पण जीभच वळत नाही त्याला काय करणार.

"वह्या तुम्ही नेल्या का?" मी सरळ विचारलं.

"हे गेन्नादीने शिकवलंय." त्याने त्या पांढऱ्याची चिमूट माझ्या वाटीत टाकली. "मला वही कशाला हवी? मी म्हाताऱ्याच्याच खोऱ्यातला. लहानपणी त्याच्या चुलीपाशी झोपलोय ऐकत ऐकत. माझ्या पुस्तकातला घोडा बघ, दारात येतो तेव्हा बाई छाती पिटते. त्याने तसंच गायलं होतं. पाणीबिणी पाजल्याचं मी कधी ऐकलं नाही. वहीत ते वाचलं तेव्हा मला वाटलं, मला झोप लागली असेल."

"म्हणजे मक्सीम आजोबांनी..."

"मक्सीम!" तो पुन्हा हसला. "ते पाद्र्याने बाप्तिस्म्यात दिलेलं नाव. सरकारी कागदापुरतं. खोऱ्यात त्याला कुणी मक्सीम म्हटलेलं मला आठवत नाही."

"मग काय म्हणायचे?"

"तोंडावर कोण नाव घेणार? काइची म्हणायचे, गायक. घरचं नाव परक्याला सांगत नाहीत, म्हणून तुझ्या प्रोफेसरालाही ठाऊक नाही. पण म्हाताऱ्याची बहीण रागावली की ओरडायची, त्यामुळे आम्हा पोरांना माहीत." तो पुढे वाकला. "तेमिर."

वाटी माझ्या हातात तशीच राहिली.

"सिर्गा? चव जमली नाही का?"

"आका," मी म्हटलं, "त्यांच्या मुलाचं, एर्केमेनचं, लग्न झालं होतं?"

"चाळीस साली. मी तेव्हा लष्करात होतो. पलीकडच्या खोऱ्यातली मुलगी होती म्हणे, अगदी लहान. तो तिला अक्षरं शिकवायचा, गाव हसायचं. लढाईनंतर ती कुठे गेली देव जाणे."

गाव हसायचं. तिने अक्षरं त्याच्याकडून गिरवली. मग तिचं अक्षर कुणासारखं असेल?

आणि मला आठवलं की आमच्या खोलीत एक बाई आहे जी हाताने एक ओळही लिहीत नाही. खणांवरच्या चिठ्ठ्या टाइप करते. सुट्टीचा अर्ज टाइप करते. एलिकसाठी वाळवलेल्या चक्क्याची पुरचुंडी आणली होती, तिच्यावरही टाइप केलेली चिठ्ठी होती, 'दात येणाऱ्यांसाठी'.

५

कारागीस एजे ओसरीत बूट शिवत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि एलिकला खाली सोडलं. ती सरळ दोऱ्याच्या गुंडीकडे गेली.

"स्नायूचाच ना?" मी विचारलं.

"ओला करून ओढला की शंभर वर्षं टिकतो," त्या म्हणाल्या. "बावीसच टिकला."

त्यांनी गुंडी एलिकच्या हातात दिली.

"वासरू होतं गं," त्या एकदम म्हणाल्या.

"काय?"

"एक्कावन्न सालचा फेब्रुवारी. गाय व्याली होती, बाहेर उणे चाळीस, वासरू घरात आणलेलं. तेव्हाच वरून हुकूम आला की अटकेतल्या माणसाच्या कागदांची पानन् पान मोजून यादी द्या. खोलीतली शेगडी फुटलेली, शाई गोठायची. म्हणून दोन वह्या घरी आणल्या. पाणी आणायला गेले नि आले, तर..." त्यांनी सुई खाली ठेवली. "मेणकापडाची वेष्टनं तेवढी थुंकून टाकली होती त्याने. मी त्याच्या तोंडात हात घातला. तोंडात हात घालून मी नवऱ्याचं अक्षर बाहेर काढत होते. लगदा झाला होता."

एलिकच्या तोंडातल्या टिपकागदावर त्यांनी घातलेली झेप माझ्या डोळ्यांसमोर आली.

"सांगितलं असतं तर?"

"वासराने खाल्लं म्हणून? त्या वर्षी? शत्रूचे कागद नष्ट केले म्हणाले असते, नाहीतर लपवले म्हणाले असते. मुलगा दहा वर्षांचा होता माझा. त्याला बाप नव्हता. चोकुरोवांची सून म्हणून इथे कुणाला सांगितलं नव्हतं, नोकरी माहेरच्या नावाने होती. मुलाच्या शाळेच्या वह्या फाडल्या. वीस दिवस लिहीत होते. पानं मोजून तेवढीच केली आणि जुन्या वेष्टनात शिवली."

"पण कशावरून लिहिलंत? मूळ तर..."

"कशावरून म्हणजे? सात वर्षं त्या घरात सून होते मी. दर हिवाळ्यात ते गायचे, मी दाराकडच्या बाजूला चहा उकळायचे. चहा उकळणाऱ्याला कान नसतात असं वाटतं का तुला? सातही रात्री पाठ आहेत मला. म्हणूनच तर भीती वाटते. कुठे त्यांचं संपतं नि कुठे माझं सुरू होतं, मलाच कळत नाही."

"घोड्याला पाणी?"

"ते माझं," त्या हळूच म्हणाल्या. "चिठ्ठी घेऊन टपालवाला आला तेव्हा मी आधी त्याच्या घोड्याला पाणी दिलं होतं. जोपर्यंत घोडा पीत होता तोपर्यंत मी विधवा नव्हते."

एलिकने गुंडी सोडवली होती. मी ती पुन्हा गुंडाळली.

"प्रोफेसर सुटून आले तेव्हा सांगणार होते," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी तेव्हाच 'कारा काटू'वर व्याख्यान दिलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सासऱ्याचं नाव तोंडाला येत नाही म्हणून मी जे लिहिलं, त्यावर तो माणूस हजारो वर्षं मागे गेला होता. मी कशी सांगू त्याला, की अहो, हे काही पुरातन नाही, ही नुसती लाज आहे."

"शुक्रवारी सांगाल?"

"सांगेन. काल रात्रभर तेच ठरवत होते. पण पोरी, गेन्नादी हुशार आहे. अक्षर माझं ठरेल. मग तो म्हणेल, बाईने प्रोफेसरच्या सांगण्यावरून लिहिलं, लोखंड त्यानेच काढायला लावलं. मग मी त्याला वाचवणार की आणखी बुडवणार?"

तेच खरं होतं. प्रश्न कुणी लिहिलं हा नव्हताच. लोखंड कुणी काढलं, हा होता.

६

शुक्रवारी टेबलामागे तिघं होते, संचालक, नोवोसिबिर्स्कच्या बाई आणि बुशुयेव. सनाश आका दुभाष्या म्हणून. आर्सेनी साव्विच खिडकीपाशी. मी त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर शिकवून आणलं म्हणाले असते.

कारागीस एजेंनी वासरासकट सगळं सांगितलं. मग कागद मागून घेतला आणि सगळ्यांदेखत एक ओळ हाताने लिहिली. वहीतलंच अक्षर. आर्सेनी साव्विच उठले, ती ओळ पाहिली, आणि पुन्हा जाऊन बसले.

"अक्षर मान्य," बुशुयेव म्हणाला. अगदी एजे म्हणाल्या होत्या तसंच. "पण कारागीस, लोखंड हा शब्द तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून गाळलात?"

"कुणाच्याच नाही. मला तो घेता येत नाही."

"घेता येत नाही म्हणजे?"

"ते त्यांच्या सासऱ्यांचं नाव आहे," म्हणत मी पाचवी वही पुढे केली. ती एर्केमेनची, अस्सल, एकोणचाळीसची. "त्यांना वाचायला सांगा. पान तुम्हीच काढा."

त्याने काढलं. एजेंनी चष्मा लावला आणि वाचायला लागल्या, शाळेतल्या मुलीसारखं बोट फिरवत. सनाश आका त्यांच्या खांद्यावरून मजकूर बघत होता. एका ओळीला त्याने बाईंकडे पाहून बोट वर केलं.

"इथे 'तेमिर' लिहिलंय. त्यांनी 'कारा काटू' वाचलं."

पुन्हा बोट. पुन्हा. दोन पानांत सात वेळा. एजे एकदाही अडखळल्या नाहीत. पाणी दगडाला वळसा घालतं तसं त्या शब्दाला वळसा घालून पुढे जात होत्या, आणि आपण वळलो हे त्यांना कळतही नव्हतं.

"हे चार दिवसांत घोकून घेता येतं," बुशुयेव म्हणाला. "आणि मक्सीम चोकुरोवच्या नावाचा लोखंडाशी काय संबंध?"

"ते बाप्तिस्म्याचं नाव. घरचं वेगळं होतं," मी म्हटलं.

"काय होतं? यांनी सांगावं."

एजे गप्प. बाईंनी प्रश्न परत विचारला, सौम्यपणे. एजेंनी मान खाली घातली. त्यांचा रुमाल मागे सरकून पांढरे केस दिसत होते. प्रोफेसरची अब्रू, सव्वीस वर्षांची नोकरी, सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं, आणि तो शब्द त्या उच्चारत नव्हत्या.

"बघा, सासऱ्याचं नावही ठाऊक नाही," संचालक म्हणाले.

"ठाऊक आहे," सनाश आका भडकला. "सगळं खोरं सांगेल. तेमिर! तेमिर चोकुरोव!"

कारागीस एजे ताडकन उभ्या राहिल्या. हातातली वही टेबलावर पडली. दोन्ही हातांनी त्यांनी रुमाल कपाळावर ओढला, मान झुकवली, आणि दाराच्या बाजूला दोन पावलं मागे सरकल्या. सत्तावीस वर्षांपूर्वी गेलेला तो म्हातारा जणू आत आला होता, आणि सुनेने त्याच्यासमोर बसून कसं राहायचं?

मग त्यांच्या लक्षात आलं. त्या लाजल्या. हे काही त्यांनी ठरवलं नव्हतं.

नोवोसिबिर्स्कच्या बाईंनी लेखणी खाली ठेवली. बुशुयेव आमच्याच गावात वाढलेला. शेजारणींना असा रुमाल सावरताना त्याने आयुष्यभर पाहिलं होतं. तो उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि खुर्ची पुढे ओढली.

"बसा, एजे," तो म्हणाला. इतक्या वर्षांत तो त्यांना कधी एजे म्हणाला नव्हता. "बसा. हे कुणी शिकवू शकत नाही."

७

आर्सेनी साव्विचांनी सातवं प्रकरण स्वतःच काढलं. निळ्या पेन्सिलीची एक रेघ, बत्तीस पानांवर. मी रडवेली झाले होते, तर म्हणाले, "रडतेस काय? एक सिद्धान्त गेला, एक गायक मिळाला. सौदा वाईट नाही." मग जरा वेळाने स्वतःशीच पुटपुटले, "लाज. वा. हजारो वर्षांचा पल्ला मारला नि निघाली लाज." आणि इतके हसले की सेफ्टी पिन सुटली.

त्या हिवाळ्यात त्यांनी एजेंकडून सातही रात्री नव्याने ऐकल्या. एजे एका अटीवर बसल्या, की मधे चहा त्याच करणार. लिहून मी घेतलं. एलिक माझ्या पायावर झोपायची. एजेंच्या गाथेत लोखंड कुठेच आलं नाही, आणि आर्सेनी साव्विचांनी त्यावर एक शब्दही काढला नाही.

पुस्तक वर्षभर उशिरा आलं. पहिली प्रत मी एजेंच्या हातात दिली. नामपृष्ठावर छापलं होतं, 'गायक: तेमिर चोकुरोव. तिसरी व चौथी रात्र: कारागीस चोकुरोवा.'

एजेंनी चष्मा लावला. आधी डावा अंगठा एका शब्दावर ठेवला, नीट झाकला. मग बोट फिरवत, मोठ्याने, बाकीचं सगळं वाचलं.